साताऱ्याहून लहान देश

धाकटी बहीण दिवाळीला सांगलीहून साताऱ्यास आली ती तक्रार घेऊनच. "दादा, चौदा वर्षांचं पोर टेनिस शिकायला पुण्याला जातो म्हणतं! सांगलीचा पोर टेनिसात काय दिवे लावणार? तूच समजाव."

मास्तराला समजावायला सांगितले, की तो नकाशा काढतो. भाच्याला मी सायप्रस दाखवला. हा अख्खा देश आमच्या सातारा जिल्ह्याहून लहान. तिथला मार्कोस बघदातिस पोरवयातच घर सोडून फ्रान्सला शिकायला गेला. २००६ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने पहिला सेट चक्क फेडररकडून घेतला. पुढचे तीन गमावले. पण त्याच वर्षी तो जगात आठवा झाला.

बहिणीचे डोळे मोठे होताच मी सांगलीवर आलो. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकून, परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. सुटलेले टेनिस पुढे त्यांच्या मुलाने, गौरवने, गाजवले.

"म्हणजे जाऊन हरला तरी चालेल?"

"चालेल. न जाताच हरला, तर मात्र जन्मभर तुला ऐकवील."

ती गप्प राहिली. निघताना वहिनीने फराळाचे डबे दिले, तेव्हा त्यांतला एक तिने बाजूला काढला.

"हा फोडायचा नाही हं," ती भाच्याला म्हणाली, "पुण्याला न्यायचाय."