सहव्याधी ही मृत्यूची सबब नव्हे

एप्रिल २०२० मध्ये आपल्या शहरात कोरोनाबरोबर ‘सारी’ची, म्हणजे तीव्र श्वसनविकाराची, धास्ती होती. मृत्यूच्या बातमीला ‘सहव्याधी होती’ ही जोड ठरलेली. जणू मरण अटळच होते! वाढलेली साखर जंतूंशी लढण्याची ताकद घटवते, हे खरे. पण नियमित औषधाने धोका कमी होतो.

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली, तीही डॉक्टरांचे प्रमाणपत्र असेल तरच. मजुरी बुडेल म्हणून ज्याने शुगर-बीपी कधी तपासलेच नाही, त्याने प्रमाणपत्र कुठून आणायचे?

पुढच्या साथीची वाट न बघता महापालिकेने वस्तीतच, संध्याकाळी तपासणी करावी, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी आपण विहाराची जागा देऊ या.