जुलमास प्रेमाचा मुलामा

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ सालची. तिचा उत्तरभाग त्याच्याच घराण्यातील डेकर स्टोकर यांनी इयान होल्ट यांच्यासह २००९ साली प्रसिद्ध केला. मारेगावी एका स्नेह्याच्या घरी त्याविषयी ‘शृंगार फार’ एवढीच कुरकूर ऐकू आली. आमचा आक्षेप निराळा आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वरील अश्लीलतेचा ठपका सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली पुसला, तो योग्यच होता, शृंगाराचे आम्हांस वावडे नाही. परंतु मूळ ग्रंथात ड्रॅक्युला मीनाचे मुख बळाने आपल्या छातीशी दाबून तिला रक्त पाजतो आणि ती आक्रोश करते. उत्तरभागात तीच मीना त्याची प्रेयसी, त्याच्या पुत्राची माता! शृंगार खुशाल रंगवा. पण पीडितेचा आक्रोश अनुरागाची कबुली ठरविण्याचा अधिकार वारसासही नाही.