खांद्याआधी हात

आज आषाढी एकादशी. घरोघरी विठ्ठलाच्या मूर्तीस तुळशीची माळ वाहिली जाईल, उपवास घडेल आणि वडीलधारी मंडळी लेकरांना पुंडलिकाची कथा सांगतील. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दाराशी आलेल्या परब्रह्माकडे वीट सरकविली आणि सेवा आटोपेपर्यंत तिच्यावर थांबण्यास सांगितले. देव रागावला नाही, थांबला. अजूनही उभाच आहे. आपले आराध्य दैवत एका शुश्रूषेसाठी तिष्ठत राहिले, हा या कथेचा गाभा होय.

परंतु पुंडलिकास आईवडील होते आणि त्यांना पुंडलिक होता. ज्यास घर नाही, गणगोत नाही आणि ज्याच्या दुखण्यास आता उतार नाही असे वैद्यांनी सांगून टाकले आहे, त्याचा पुंडलिक कोण?

बेवारस प्रेतास अग्नी देणे हे थोर पुण्यकर्म होय, असे आपण परंपरेने मानतो. गावोगावी मंडळे वर्गणी काढून असे अंत्यसंस्कार करतात, ही भूषणाचीच गोष्ट आहे. मात्र ज्याचे प्रेत पुढे आपण आपले म्हणणार, तो मनुष्य त्याआधीचे तीन आठवडे कोणाचा असतो? रुग्णालयातील खाट बऱ्या होऊ शकणाऱ्यासाठी मोकळी करावी लागते, म्हणून त्यास ‘घरी न्या’ असे सांगितले जाते. घरच नसल्याने तो फलाटावर, पुलाखाली वा देवळाच्या पायरीशी येऊन पडतो. शहरांत १ लाख लोकवस्तीमागे १०० जणांचा निवारा असावा, असा सरकारी निकष आहे. पण हे निवारे मुख्यतः हिंडत्याफिरत्या माणसासाठी. ज्यास कूस बदलण्यासही दुसऱ्याचा हात लागतो, त्याची सोय तेथे व्हावी कशी?

आड येतो तो केवळ पैसा नव्हे. आड येते ती भीती. वास्तूत परक्याचा मृत्यू झाला तर जागा अशुभ होते, सुतक लागते, भाडेकरू मिळत नाही, ही समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतही मूळ धरून आहे. आम्ही विनयाने विचारतो, ज्या काशीत मरण यावे म्हणून भाविक आयुष्यभर आस धरतात, तेथे मुमुक्षूंसाठी मुद्दाम बांधलेल्या भवनांत रोज मृत्यू येतो. ती वास्तू अशुभ झाली काय? मरण पवित्र मानणाऱ्या धर्मात मरणारा मनुष्य अपवित्र ठरावा, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

गाडगेबाबांनी हे ओळखले होते. पंढरीस जाऊन ते देवळाच्या गाभाऱ्याकडे वळले नाहीत. त्यांनी हाती खराटा घेतला आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. बेघरास आसरा आणि रोग्यास औषधोपचार ही दोन्ही कामे त्यांच्या दशसूत्रीत आहेत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे उपचारास येणाऱ्या परगावच्या कर्करुग्णांना बाबांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आजही आसरा देते.

कोलकात्यास मदर तेरेसांनी १९५२ साली मरणोन्मुखांसाठी ‘निर्मल हृदय’ उघडले, तेही काली मंदिरालगतच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेतच. तेथील कणवेबद्दल दुमत नव्हते. पण वेदनाशमनाची जोड अपुरी आहे, अशी टीका १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झाली. त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच की, दया आणि विद्या या दोन्ही हातांनी सेवा करावी लागते. मुंबईत वांद्र्यास १९८६ साली डॉ. लुईस डिसूझा यांनी स्थापिलेल्या ‘शांती आवेदना सदना’ने असाध्य कर्करोग्यांची विनामूल्य शुश्रूषा करून हा मार्ग दाखविला. कर्करोगाच्या तीव्र वेदना शमविणारे मॉर्फिन महाग नाही. १९८५ च्या कायद्याने त्याच्या वाटेत अडचणी आल्या, त्या २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळ कमी झाल्या. आता कायद्यापेक्षा जागेची आणि माणसांचीच वाण अधिक आहे.

अशा माणसास लागते तरी काय? कोरडी खाट, मऊ सुती कपडे, वेळेवर वेदनाशामक औषध, जखमेची स्वच्छता, ठरावीक वेळाने कूस पालटणारा हात, कोरड्या ओठांवर पाण्याचा बोळा आणि त्यास नावाने हाक मारणारे कोणीतरी. शेवटी ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे संस्कार. यांत अशक्य असे काय आहे? आपल्या देवस्थानांपाशी भक्तनिवास आहेत, मंडळांपाशी सभागृहे आहेत. प्रत्येक मोठ्या देवस्थानाने भक्तनिवासातील दोन खोल्या या कामी राखाव्यात आणि जवळच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी आठवड्यातून काही तास द्यावेत, अशी आमची सूचना आहे. गृहिणींनी जुनी सुती लुगडी बोहारणीस देण्याऐवजी धुऊन, घड्या घालून अशा जागी पोहोचवावीत. तरुणांनी खाटेशेजारी तासभर बसावे.

प्रेतास खांदा देण्याचे पुण्य मोठे खरे, परंतु ज्यास आपण खांदा दिला ते त्यास कधी कळत नाही. हात दिलेला मात्र कळतो. त्या खाटेपाशी आपण गुंतलो आणि आज पूजेस उशीर झाला, तर विठ्ठल रागावणार नाही. थांबण्याची त्यास सवय आहे.