छायाचित्राच्या मागची नावे

1839 साली ज्या दिवशी दागेरची छायालेखनाची रीत पॅरिसमध्ये जगास खुली करण्यात आली, त्या 19 ऑगस्टच्या सुमारास आपल्याकडे तालुक्याच्या गावीही छायाचित्रांची स्पर्धा भरते, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन होते आणि पहिले बक्षीस बहुधा सूर्यास्ताला किंवा एखाद्या वृद्धाच्या सुरकुत्यांना मिळते. सूर्यास्ताविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु तो कृष्णाकाठचा की गोदाकाठचा, हे चित्रावरून कळत नाही, आणि ज्याच्या सुरकुत्यांवर परीक्षक लुब्ध झाले त्या गृहस्थाच्या नावाऐवजी चित्राखाली ‘जीवनसंध्या’ असे काहीतरी शीर्षक झळकत असते. गावातल्या माणसांनी गावचे जीवन टिपून ते गावासमोर कौतुकाने मांडावे, ही प्रथा मला अत्यंत इष्ट वाटते. म्हणूनच तिच्यातील एका उणिवेचा उच्चार करणे अवश्य आहे. आपण चित्रे जमवतो, नावे जमवत नाही.

नाव गाळण्याची ही खोड जुनी आहे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय लोक लवकरच या कलेत निष्णात झाले. परंतु पुढे सरकारच्या आश्रयाने 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा चित्रसंग्रह निघाला, तेव्हा त्यातील बहुतेक माणसांखाली जात, जमात आणि मुलूख एवढेच छापले गेले. राज्यकर्त्यांस रयतेची ओळख हवी होती ती कारभारापुरती, आणि कारभारास व्यक्तीपेक्षा वर्ग अधिक सोयीचा असतो. आज कोणी ‘कुंभार’, ‘वारकरी’ किंवा ‘श्रमिक स्त्री’ असे नाव देऊन छायाचित्र टांगतो तेव्हा त्याचा हेतू निर्मळच असतो, पण अजाणता तो त्या सरकारी दफ्तराचीच वहिवाट पुढे चालवीत असतो.

उलटपक्षी आपल्याच घरांत एक वेगळी परंपरा आहे. शाळेच्या जुन्या समूहचित्राखाली ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’, ‘उभे, डावीकडून’ अशा ओळी असतात आणि त्यांत प्रत्येकाचे आद्याक्षर व आडनाव नेमके नोंदलेले असते. त्या कोणा नाणावलेल्या कलावंताच्या कृती नव्हेत; तरीही साठ वर्षांनंतर कोणाची तरी नात त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून आजोबा शोधू शकते, आणि छायाचित्राचे सार्थक याहून मोठे असेल असे मला वाटत नाही. या परंपरेतही खोट आहेच. कडेला उभ्या असलेल्या इसमापुढे पुष्कळदा नुसते ‘शिपाई’ असते, आणि घरातील चित्रांच्या मागे स्त्रियांची नोंद यजमानांच्या नावामागे ‘सौ.’ लावून उरकलेली असते. जी परंपरा पुढे न्यायची ती या दुरुस्तीसह न्यावी.

उदाहरणादाखल मिरज घ्या. येथील सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून सतारमेकर गल्लीकडे कॅमेऱ्यांचा ओघ वाढला तर नवल नाही. तेथे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या वाळक्या भोपळ्याला आकार देतो, आणि जवारी काढताना घोडीवर कानस अगदी हलकेच फिरवून, तार छेडून, मान कलती करून ऐकतो. नाद मोकळा होईतो पुन्हा घासतो, पुन्हा ऐकतो. या क्षणाचे चित्र सुंदर येणारच. पण ‘कलावंताचे हात’ असे लिहून आपण निघून आलो, तर हे हात कोणाचे, हा कान कोणी तयार केला, धाकटी पिढी दुकानात बसते की पुण्याला नोकरी करते, यांतले काहीच उरत नाही, आणि गावाला हवे असते ते नेमके हेच.

याच मिरजेच्या जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकत्र येत. याच स्थानकातून एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची गाडी गेली. ती गाडी सर्व वृत्तपत्रांत छापून आली. तिच्या टाक्या भरणारे कामगार कोण होते, हे मिरजेतच विचारावे लागेल. येथील दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाची प्रथा आहे, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ तेथे गायनसेवा होते. तो गलेफ यंदा कोणी वाहिला, तंबोऱ्याच्या साथीला कोण बसले होते, याची नोंद झाली तरच ते चित्र मिरजेचे.

गावाचे कौतुक म्हणजे गावाची भलामण नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. 2019 चा महापूर गावाच्या चित्रसंग्रहात हवाच. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरच्या चित्राच्या निमित्ताने याच शहरात दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. चित्राचे सामर्थ्य मिरजेस निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या संग्रहात शेजाऱ्यांची नावे शेजारीशेजारी लिहिलेली आहेत, त्यात ते वर्ष दडपून टाकण्याचे प्रयोजन उरत नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना या उठाठेवीची गरज काय? गरज त्यामुळेच वाढली आहे. सकाळी समूहावर आलेली चित्रे मोबाइलची जागा भरली म्हणून संध्याकाळी पुसली जातात, आणि जी उरतात ती कोणाची, कोठली, केव्हाची, याचा उलगडा चार वर्षांत खुद्द मालकालाही होत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाईस हाती लागलेल्या कागदांच्या आधारे. त्या कागदांना मोल आले ते त्यांवर नावे, गावे आणि मित्या होत्या म्हणून. मितीवाचूनचा कागद आणि नावावाचूनचे चित्र, दोहोंची किंमत अभ्यासकाला आणि वारसाला सारखीच संशयास्पद.

तजवीज साधी आहे. गावोगावी अनुदानित सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांनी चित्रांचे व नावांचे हे दप्तर सांभाळावे. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या काचा आणि निगेटिव्ह मालकांच्या संमतीने ताब्यात घ्यावेत. गणेशोत्सवाच्या मंडपात चित्रे मांडावीत, प्रत्येकाशेजारी कोरा कागद आणि पेन्सिल टांगावी, आणि ओळखणाऱ्याने ओळखलेले नाव लिहावे. दोन जाणत्या माणसांच्या पडताळणीनंतर ते नोंदवहीत चढवावे. ज्याचे चित्र त्याची परवानगी प्रथम. कोणी नको म्हटले तर ते चित्र मुकाट्याने उतरवावे, आणि रुग्ण व लहान मुले यांच्या बाबतीत विशेष जपावे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी नियमावलीत एवढेच कलम घालावे की माणसाचे चित्र असल्यास त्याचे नाव, ठिकाण आणि तारीख दिल्याशिवाय प्रवेशिका स्वीकारली जाणार नाही; नाव गुप्त ठेवण्याची इच्छा त्या माणसाची असेल तेवढाच अपवाद.

यासाठी ठरावाची किंवा वाढीव अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रंथपालाने शंभर पानी वही आणून तीत रकाने आखावेत, आणि येत्या उत्सवापूर्वी पहिली नोंद करावी. ती शाळेच्या शिपायाची, त्याच्या संपूर्ण नावाने, झाली तर उत्तमच.