डोकेदुखी आणि हरवलेली झोप

डोके दुखते म्हणून शाळकरी मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांची मागणी बहुधा ठरलेली असते: चष्म्याचा नंबर तपासावा, नाहीतर सी. टी. स्कॅन करावा. ‘हा रात्री झोपतो किती वाजता?’ असे विचारले की मात्र त्यांना प्रश्न अस्थानी वाटतो. वस्तुतः डोकेदुखी आणि झोप यांचे नाते निकटचे आणि दुहेरी आहे. अपुऱ्या वा अनियमित झोपेने अर्धशिशी उसळते आणि वारंवारच्या दुखण्याने झोप मोडते. उलट, झटक्यात शांत झोप लागली की मूल बरेचदा ताजेतवाने होऊन उठते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास, तर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. आपल्या इंदुरात कोचिंग, गृहपाठ आणि मोबाईल आटोपेपर्यंत साडेअकरा वाजतात. शाळेच्या बससाठी पावणेसहाला उठावे लागते. हिशेब सव्वासहा तासांचा! रविवारी दहापर्यंत झोपून ही तूट भरत नाही. झोपेची वेळ बदलणे हेच अर्धशिशीला निमंत्रण ठरते.

किशोरवयात मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप येतच नाही. हा आळस नव्हे, शरीरधर्म आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियात २०२२ पासून माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरत नाहीत. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला. तो स्तुत्य आहे. परंतु ज्यांना त्याची अधिक निकड आहे, ती मोठी मुले त्यातून सुटली.

याचा अर्थ प्रत्येक डोकेदुखी झोपेवर ढकलावी असा नव्हे. झोपेतून जागे करणारे दुखणे, पहाटेची उलटी, चालताना जाणारा तोल किंवा दृष्टीतील बदल दिसल्यास तपासणीस विलंब नको. रोज घोरणारे मूल सकाळी डोके धरून उठत असेल, तर टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड पाहावेत. वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस वा अधिक, असे तीन महिन्यांवर चालले, तर त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण होऊ शकतात.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच की केसपेपरवर वजनाशेजारी झोपेचे तासही लिहावेत. शाळांच्या कार्यकारिणीवर असलेल्या समाजबांधवांनी शाळेच्या वेळेचा प्रश्न तेथे मांडावा. आणि पालकहो, मुलांच्या अभ्यासाचे वेळापत्रक आखताना त्यात झोपेची वेळ प्रथम लिहा. उरलेल्या तासांत अभ्यास बसवा.