नवा खेळ की नुसता नवा भाग?

मैत्रिणींनो, चिरंजीवांनी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या व्हिडिओ गेमचा नवा भाग मागितला, तर पर्स उघडण्याआधी जरा थांबा. २००५पासून दरवर्षी एक भाग येतोच; अलीकडच्या भागांची अमेरिकेतली किंमत ७० डॉलर! कंपन्यांचं तरी काय चुकलं म्हणा. अफाट खर्च करायचा, तर चाललेलं नाव बरं. पण एरिक बॅरोन या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने राबून चित्रं, संगीत, सगळं केलं आणि २०१६ साली ‘स्टारड्यू व्हॅली’ आणला, १५ डॉलरला. शेती करायची, गावाशी घरोबा जोडायचा. कल्पना जुन्या ‘हार्वेस्ट मून’वरून सुचलेली, पण हाताची चव स्वतःची! २०२४ अखेर चार कोटींवर प्रती खपल्या. मुलगा नाक मुरडेल. आधी तुम्हीच खेळून पाहा.