परवाना आहे, मग हराम कसे?

कोपरखैरण्याच्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. शौहर मित्रांबरोबर पनवेलहून गोव्याला गेले आणि मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर दोन रात्रींत भिशीचे पैसे घालवून आले. त्यांचे म्हणणे असे की तिथे सरकारचा परवाना आहे, जीएसटी भरला जातो, मग हराम कसे? गेलेले पैसे परत मिळवायला आता ते पत्नीच्या मेहरचे दागिने मागत आहेत.

परवाना आहे, हे खरे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि पुढे जहाजांना मुभा मिळाली. पण नुसत्या मुभेने धंदा वाढत नाही, त्याला भांडवल लागते. ते ओतणाऱ्यांत मुंबईचे उद्योजक जयदेव मोदी यांची डेल्टा कॉर्प पुढे आहे. हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स मॉल उभा करण्यात ज्यांचा वाटा, त्यांना गिऱ्हाईक कसे खेचावे हे शिकवायला नको. डेल्टिन रॉयलसारखी जहाजे, त्यावर जेवण, गाणी, रोषणाई. जुगाराचे ‘पर्यटन’ झाले आणि कंपनीचे शेअर बाजारात विकले जाऊ लागले. २०१६ मध्ये याच कंपनीने ऑनलाइन पोकरचे ‘अड्डा५२’ घेण्याचा व्यवहार केला. नाव तेवढे प्रामाणिक होते! पैशांच्या अशा ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली.

त्याच गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. कर हवा, नोकऱ्या हव्यात, पण आपल्या घरचा माणूस तिथे नको! महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत जुगारात लोकांना काही फायदा असल्याचे नाकारलेले नाही, गुनाह मात्र त्याहून मोठा सांगितला आहे. इथे फायदा सरकारला आणि भागधारकांना झाला. नुकसान कोपरखैरण्यात आले.

भगिनी, मेहर तुमची स्वतःची मालमत्ता आहे. शौहरचा तिच्यावर हक्क नाही. दागिने देऊ नका, माहेरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. भिशीतल्या बायकांना खरे सांगून हप्ते बांधून घ्या. शौहरना टाकून बोलू नका, पण मोठे दीर आणि मस्जिदीचे इमामसाहेब यांच्यासमोर एकदा बसवा. पगार काही महिने तुमच्या हाती यावा, एवढे तिथे ठरवून घ्या आणि काय झाले ते आम्हाला कळवा.